मालक, भावकी आणि गावकी

साडेदहा वाजता प्रिंटरनं पहिल्यांदा नाही म्हटलं, तेव्हा शिवांजलीला वाटलं आपलंच बोट चुकलं. तिनं तीच ओळ पुन्हा टाइप केली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पुन्हा मुकाट्यानं उमटली. परमिशन डिनाइड.

"काय म्हनतंय गं?" उंबऱ्याशी सुपात शेंगा घेऊन बसलेल्या चंद्राबाईंनी विचारलं.

"परवानगी न्हाई म्हनतंय, काकी."

"कुनाला?"

"तुमाला."

चंद्राबाईंच्या बोटांतली शेंग फुटली आणि दाणा उडून खाटेखाली गेला. "माझ्या घरात? रोज सकाळी त्याच्या अंगावरची धूळ मी पुसती, आन् मला न्हाई म्हनतंय व्हय?"

हसावं असं शिवांजलीला फार वाटलं, पण हसायला वेळ नव्हता. आज शुक्रवार. साताऱ्याच्या कॉलेजात चार वाजेपर्यंत प्रोजेक्टची वही टेबलावर पडली नाही, तर बी.एस्सी.चं वर्ष गेलं. कोरेगावाजवळच्या या खिरेवाडीच्या फाट्यावर साताऱ्याची गाडी दीडला यायची, त्यानंतरची थेट चारला. बत्तीस पानं त्या कॉम्प्युटरच्या पोटात तयार होती. कुठल्या शेतकऱ्याच्या उसाला तोड कधी द्यायची, याची पाळी लावणारा प्रोग्राम तिनं चार महिने बसून लिहिला होता. आता तो फक्त कागदावर उतरायचा राहिला होता. फ्लॉपीवर घालून नेण्याचा उपाय तिनं मागच्या आठवड्यात करून पाहिला होता, पण लिनक्स या वेगळ्या प्रणालीची ती फ्लॉपी साताऱ्यातल्या एकाही दुकानदाराच्या यंत्राला वाचता आली नव्हती.

आणि हे यंत्र तिचं नव्हतं. ते होतं तिचे थोरले चुलते हंबीरराव यांचं, आणि हंबीरराव तिच्या बापाशी चार वर्षं बोलत नव्हते.

कारण म्हटलं तर केवढंसं. हंबीररावांच्या ऋषिराजचं लग्न ठरलं, पत्रिका छापून आल्या. वर निमंत्रक म्हणून स्वतः हंबीरराव, आणि ‘आपले नम्र’ म्हणून खाली भावकीतल्या बारा पुरुषांची नावं घालायची होती. वयानं धाकटे म्हणून शिवांजलीचे वडील नानासो बारावे, शेवटचे. पत्रिकेत नावं निघाली अकरा. छापखानेवाला म्हणाला, कागद कापताना शेवटची ओळ कटरखाली गेली. नानासो म्हणाले, कटर काय आपल्या मनानं चालतंय? लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाचा ट्रक दारावरून वाजतगाजत गेला, आणि नानासो तिकडं पाठ करून अंगणात बैलाची शिंगं घासत बसले. त्या दिवसापासून दोन घरांमधली भिंत उंच झाली. बायका मात्र परसातल्या बोळातून कालवणाची वाटी देतघेत राहिल्या. वाटीला भिंत दिसत नाही.

त्याच बोळातून चार महिने शिवांजली येत होती. हंबीरराव अकराला शेतावर गेले की ती आत, आणि ते दोनला परतायच्या आत ती बाहेर. आज तोड चालू होती म्हणून ते नऊलाच गेले होते. बसायचं ते चंद्राबाईंच्या नावानं. हंबीरराव सैन्याच्या सिग्नल दलातून सुभेदार होऊन आलेले. घरातल्या प्रत्येकाला त्यांनी यंत्रात एकेक नाव आणि एकेक पासवर्ड काढून दिला होता, बायकोलासुद्धा. आठवड्याला ते यंत्रातली हजेरी तपासत. ‘चंद्राबाई, रोज दोन तास’ हे वाचून त्यांची छाती भरून येई. पारावर बसून ते सांगत, "आमच्या मंडळींनी ऊसतोडीचा प्रोग्राम लिवलाय, गड्या! चौथी शिकल्याली बाई!" साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यालाही त्यांनी ते सांगून टाकलं होतं.

"परवा तर ऋषीनं छापून दावलं की गं एक पान," चंद्राबाई म्हणाल्या.

ऋषिराज पुण्याला नोकरीला होता. परवा येऊन त्यानं हा नवा यूएसबीचा प्रिंटर बसवून दिला होता. वायरीचं तोंड चपटं, कुठंही न पाहिलेलं. त्यानं छापलं ते खरं, पण तो गेल्यावर रात्रभर हंबीररावांनी वहीत बघून काहीतरी टाइप केलं होतं.

शिवांजलीनं यंत्राला विचारलं, या प्रिंटरवर हक्क कुणाकुणाचा? एक ओळ आली. ती वाचून तिनं कपाळावर हात मारला.

"काकी, ह्यात तीन जनांची परवानगी वायली वायली असती. एक मालक, दुसरा त्याचा गट, तिसरे बाकी समदे. थोरल्या काकांनी मालक म्हनून सोताला घातलंय. गटाचं नाव ठेवलंय ‘भावकी’. आन् बाकीच्यांना काय बी न्हाई."

"बरोबरच हाय. मालक, भावकी आन् गावकी. गावाला कशाला छापायला द्यायचं? शाई संपंल."

"पर तुमी भावकीत न्हाई, काकी."

चंद्राबाईंनी सूप खाली ठेवलं.

शिवांजलीनं गटाची यादी पडद्यावर आणली आणि वाचून दाखवली. तिसऱ्या नावाला चंद्राबाई पुटपुटू लागल्या. पाचव्या नावाला त्या तिच्या पुढं गेल्या. अकरावं नाव दोघींनी मिळून घेतलं. बारावं यादीत नव्हतं.

"ही तर पत्रिका हाय," चंद्राबाई म्हणाल्या. "ऋषीच्या लग्नाची. जशीच्या तशी उतरून काढली ह्यांनी."

तसंच झालं होतं. भावकी कोण कोण, असा प्रश्न पडल्यावर हंबीररावांनी फळीवरची पत्रिका काढली होती आणि वरून खाली नावं घातली होती. पत्रिकेतली चूक यंत्रात उतरली, आणि पत्रिकेच्या त्या यादीत बायका असतातच कुठं? मालकाला यादी लागत नाही, म्हणून स्वतःचंही नाव त्यांनी त्यात घातलं नव्हतं.

"बत्तीस वरसं ह्या भावकीला वाढती मी," चंद्राबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कोन आमटीत लिंबू पिळतो, कोन कांदा खात न्हाई, मला पाठ हाय. आन् मी गावकीत?"

सव्वाअकरा झाले होते. पुण्याला फोन लागायला वीस मिनिटं गेली. ऋषिराजचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"शिवा, मुख्य पासवर्ड लागंल. त्याशिवाय यादीत नाव चढत न्हाई."

"मग सांग की!"

"मला ठावं न्हाई. आबांनी मला खोलीभाईर हुबं करून बदलला. म्हनले, कमांडिंग ऑफिसर एकच असतो."

"दादा, माझी दीडची गाडी हाय रं!"

"मग आबांस्नीच बोलव."

हंबीररावांना बोलवायचं म्हणजे चार महिन्यांची चोरी उघडी करायची. शिवांजलीनं फोन ठेवला आणि एकेक पासवर्ड आजमावायला सुरुवात केली. हंबीररावांच्या रेजिमेंटचं नाव, बैलांची नावं, कुलदैवत, ऋषिराजची जन्मतारीख. यंत्र प्रत्येक वेळी क्षणभर विचार केल्यासारखं थांबायचं आणि नाही म्हणायचं. चंद्राबाई मागं उभ्या राहून नवनवी नावं सुचवत होत्या. त्या गडबडीत चूल विझली, पीठ परातीत तसंच राहिलं, आणि तोडीवर गेलेल्या नवऱ्याची भाकरी शेतावर पाठवायची आहे, ही गोष्ट बत्तीस वर्षांत पहिल्यांदा चंद्राबाईंच्या डोक्यातून साफ गेली.

उपाशी माणूस घड्याळ बघत नाही. बारा वाजून वीस मिनिटांनी अंगणात खाकरल्याचा आवाज आला.

"अगं, भाकरी कुटं हाय? टोळीतली मान्सं जेवून उठली, आन् मी उसाचं कांडं चावत—"

हंबीरराव दारात थांबले. डोक्याला उसाचं पाचट चिकटलेलं, मिशीचं एक टोक खाली आलेलं. त्यांनी खुर्चीवरच्या पुतणीकडं पाहिलं, मग बायकोकडं, मग पडद्यावर. पडद्यावर त्यांच्या डाव्या बैलाचं नाव सपशेल नाकारलं गेलं होतं.

"ही हितं काय करती?"

हंबीरराव बायकोकडं वळले.

"चंद्रा, ही कवापास्नं हितं येती?"

"चार म्हैनं झालं."

"मंग रोज दोन तास तू बसत व्हतीस, ते?"

"मी बी बसत व्हते," चंद्राबाई म्हणाल्या. "हितंच. शेंगा सोलत."

हंबीररावांचा चेहरा बघवेना. पार, चावडी, शेतकी अधिकारी, सगळे एकापाठोपाठ त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले असणार. ते खाटेवर बसले. "म्हंजी प्रोग्राम..."

"माझा हाय, थोरले काका," शिवांजली उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता. "चार वाजता साताऱ्यात द्यायचाय. न्हाई दिला तर माझं वरीस जाईल. तुमी पासवर्ड घाला, काकीचं नाव यादीत घ्या, मग मी ह्या घरात पाय ठेवनार न्हाई. पर आज तेवढं करा."

"तुझ्या बापानं मला इचारलंय का?"

"आण्णांना ठावंच न्हाई मी हितं येती ते."

तेवढ्यात परसात मोटारसायकलीचा आवाज बंद पडला. लेकीला फाट्यावर सोडायला निघालेल्या नानासोंना लेक घरात सापडली नव्हती, पण बोळात, हंबीररावांच्या मागच्या दाराशी, तिच्या निळ्या पट्ट्याच्या चपला सापडल्या होत्या.

"शिवे!" बाहेरून हाक आली. "भाईर ये."

"आण्णा, थोडं थांबा!"

"ज्या घरात आपलं नाव न्हाई तितं थांबायचं न्हाई. भाईर ये म्हनतो."

हंबीरराव खाटेवरून भिंतीकडं बघत मोठ्यानं म्हणाले, "चंद्रा, भाईरच्या मानसाला सांग, माझ्या दारात वरडायचं न्हाई."

"वहिनी," बाहेरून आवाज आला, "आतल्या मानसाला सांगा, मी बोळात हाय. बोळ सामायिक हाय."

घड्याळात पाऊण वाजला होता. दोन्ही पुरुष चंद्राबाईंच्या अंगावरून एकमेकांकडं शब्द फेकत होते, आणि शब्द उचलायला मध्ये त्या एकट्या. त्यांनी एकदा आत पाहिलं, एकदा बाहेर. मग पदर खोचून त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"नानांचं ऱ्हाऊ द्या. पोरीचं बी ऱ्हाऊ द्या. आधी मला सांगा, मी तुमच्या भावकीत हाय का न्हाई?"

"आता ही कुटली येळ—"

"हीच येळ. हाय का न्हाई? न्हाई म्हनत असाल तर तसं सांगा. आजपास्नं भाकरी यादीतल्या अकरा जनांनी आळीपाळीनं थापायची."

सुभेदारांनी सीमेवर तोफांचे आवाज ऐकले होते. पण परातीत वाळून गेलेल्या पिठाकडं त्यांची नजर गेली आणि ते उठले. खुर्चीवर बसले, चष्मा लावला, बाकीच्यांना पाठ फिरवायला लावून मुख्य पासवर्ड घातला. शिवांजली एकेक अक्षर सांगत गेली, ते एका बोटानं टाइप करत गेले. यादीत बारावं नाव चढलं : चंद्राबाई.

"हां. आता छाप."

शिवांजलीनं चंद्राबाईंच्या नावाच्या, सकाळपासून उघड्याच असलेल्या पडद्यावर येऊन हुकूम दिला. परमिशन डिनाइड.

"आता काय झालं?" हंबीरराव ओरडले.

एक वाजायला पाच मिनिटं होती. पुन्हा पुण्याला फोन. या वेळी लगेच लागला.

"दादा, नाव चढवलं, तरी न्हाई म्हनतंय!"

"अगं, नुसतं नाव चढवून भागत न्हाई. आता तिनं एकदा—" खर्रकन आवाज आला आणि लाइन मेली.

तिनं एकदा काय? खोलीत तिघं त्या अर्ध्या वाक्याकडं बघत राहिले. बोळातून नानासो म्हणाले, "शिवे, गाडी चुकंल." त्यांच्या आवाजातला राग गेला होता आणि नुसती काळजी उरली होती. पाऊल उंबऱ्यापर्यंत आलं होतं, पण उंबरा काही ओलांडेना.

"मालकाला तर छापता येतं न्हवं?" चंद्राबाईंनी विचारलं.

"येतं."

"मग मलाच मालक करा की."

हंबीररावांनी वर पाहिलं. बायको चेष्टा करत नव्हती. काकांनी आपल्या नावानं छापलं तरी चालेल, पण फाइल यंत्रातल्या काकीच्या नावाच्या कप्प्यात आहे, ती हलवायची म्हणजे पुन्हा चार हुकूम, असं काहीतरी शिवांजली सांगू लागली. घड्याळाचा काटा सरकला. हंबीररावांनी दात चावले आणि एक ओळ टाइप केली. प्रिंटरचा मालक बदलला.

आणि प्रिंटर जागा झाला. आधी कुरकुरला, मग त्यानं एक कागद आत ओढला, आणि त्याचं डोकं इकडून तिकडं, तिकडून इकडं चालू लागलं. जात्यासारखा त्याचा एक ठेका धरला गेला. चंद्राबाईंच्या तोंडून आपसूक निघालं,

"काळ्या अक्षराची मुंगी, कागदावर लावी रांग,
लेक निघाली साताऱ्या, यष्टीबाईला थांब सांग."

पानं उलटी, शेवटाकडून निघत होती. बत्तिसावं, एकतिसावं. हंबीरराव एकेक पान शाई ओली आहे म्हणून दोन बोटांत धरून खाटेवर मांडत होते. विसाव्या पानाला कागद अडकला, तेव्हा सगळ्यांचा श्वास अडकला. तो सुटला, तेव्हा उंबऱ्याबाहेर नानासोंनीही श्वास सोडल्याचं आत ऐकू आलं.

"पानांचं नंबर आलं न्हाईत," हंबीरराव म्हणाले.

"तळाला असतात ते, काका. तुमचा कागद बोटभर आखूड हाय, आन् प्रिंटरचं तोंड तळापातूर पोचत न्हाई. मी गाडीत पेनानं घालीन."

एक वाजून चौदा मिनिटांनी वहीचं दुसरं पान आलं. आभाराचं. तेवढं एकच पान वरपासून खालपर्यंत भरलेलं. हंबीररावांनी ते उजेडात धरलं. सैन्यात इंग्रजी वाचून वाचून त्यांना सवय होती. प्राचार्यांचे आभार. सरांचे. वडील नानासो यांचे. बंधू ऋषिराज यांचे. काकी चंद्राबाई यांचे. आणि मग पांढरा कागद.

त्यांनी पान उलटून मागं बघितलं. मागंही काही नव्हतं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "यंत्र माझं, लाइट माझी. पर मी कोन?"

"थोरले काका!" शिवांजली किंचाळली. "हाय तुमचं नाव! शेवटच्या वळीत हाय, सगळ्यांत मोठं म्हनून शेवटी घेतलंय. ही बघा!"

तिनं ते पान पडद्यावर आणलं. तिथं ती ओळ होती, स्वच्छ, पांढरी : ज्यांच्या यंत्रावर हे काम झालं ते माझे थोरले काका सुभेदार हंबीरराव. कागदावर मात्र तिचा ठिपकाही उतरला नव्हता.

"खरं सांगती, मी न्हाई काढलं. शेवटची वळ कागदाभाईर गेली."

हंबीरराव पडद्याकडं बघत होते. आणि त्यांच्या खांद्यावरून आणखी कुणीतरी बघत होतं. नानासो कधी आत आले, कुणाला कळलं नाही. त्यांनी कागद हातात घेतला, पडदा बघितला, पुन्हा कागद. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. पडद्यावर एक जास्त होती.

प्रिंटरनं पहिल्या पानासाठी कागद आत ओढला.

"दादा," नानासो म्हणाले. चार वर्षांत हा शब्द त्या खोलीत आला नव्हता. "तो छापखान्यावाला काय म्हनला व्हता तवा?"

"शेवटची वळ कटरखाली गेली म्हनला."

"मला खोटं वाटलं."

"मला बी आत्ता वाटलं," हंबीरराव म्हणाले.

पहिलं पान पडलं. चंद्राबाईंनी गठ्ठा पिशवीत कोंबला. शिवांजलीनं चपलेत पाय घातले, मोटारसायकल बोळातून उडाली, आणि लांब फाट्याकडं धुळीची एक रेघ उठून निवली. दीडला पाच मिनिटं कमी होती.

संध्याकाळी सहाला शिवांजलीचा साताऱ्याहून फोन आला. वही दिली, मुक्काम मैत्रिणीकडं. ती फोन खाली ठेवते न ठेवते तोच ऋषिराजचा आला. हंबीररावांनी झालं ते त्याला सांगितलं.

"आबा, दुपारी लाइन कट झाली. मी सांगत व्हतो, नाव यादीत चढवलं की त्या मानसानं एकदा यंत्रातनं भाईर पडून परत आत यायचं. त्याबगर यंत्राला नवीन नातं कळत न्हाई. मालक बदलायची गरजच नव्हती."

"भाईर पडून परत आत," हंबीरराव म्हणाले, आणि ओसरीवर बसून बशीत चहा ओतणाऱ्या नानासोंकडं त्यांनी पाहिलं. "बरं झालं, आमी आलो समदे आत."

मग ते खोलीत गेले, आपल्या नावानं यंत्रावर बसले, आणि भावकीची नवी यादी टाइप केली. चंद्राबाई, आणि सगळ्यांत खाली नानासो. तेरा नावं. पारावर लावायची, सगळ्यांना दिसेल अशी पान भरून मोठ्या अक्षरांत. त्यांनी छापायचा हुकूम दिला.

परमिशन डिनाइड.

हंबीररावांनी बोटांवर हिशेब केला. मालक तर ते आता नव्हते. आणि भावकीच्या यादीत त्यांचं नाव कधी नव्हतंच. राहिली गावकी, आणि गावकीला त्यांनी स्वतःच्या बोटानं काही ठेवलं नव्हतं. मुख्य पासवर्ड खिशातल्या वहीत होता, वहीवर त्यांचा हातही गेला. पण स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि तो आवाज थांबला तर काय होतं ते त्यांनी आज दुपारी पाहिलं होतं.

ते उठून चुलीपाशी गेले.

"अगं..."

"काय?"

"जरा एक... परवानगी पायजे व्हती."

ओसरीवर नानासोंना ठसका लागला.

चंद्राबाईंनी भाकरी तव्यावरून उतरवली, हात पुसले आणि खोलीत जाऊन खुर्चीवर बसल्या. चार महिने शेंगा सोलता सोलता बघून पाठ झालेलं आपलं नाव आणि मागोमाग पासवर्ड त्यांनी एकेक अक्षर शोधत, एका बोटानं टाइप केला. यंत्रानं त्यांना आत घेतलं. हंबीररावांनी चार हुकूम देऊन यादी त्यांच्या कप्प्यात आणून दिली.

"कागद किती?"

"एकच."

त्यांनी पडद्यावरची यादी वरून खाली नीट बघितली.

"छापा. पर आधी ती खालची वळ जरा वर घ्या."